विश्राम तांडेलाची मान

दांडीच्या देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. पलीकडे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललेलं, आणि इकडे अख्खं गाव एका माणसाची मान वर कशी येते ते बघायला लोटलेलं!

विश्राम तांडेलाची मान वर्षभरात पुढे वाकत गेली होती. हनुवटी छातीला टेकायची, हात थरथरायचा, आवाजही बारीक झाला होता. त्यातच गावातल्या जिवल्याच्या होडीचा दोर कुणीतरी कापला आणि दादू भगताला आयतंच फावलं.

“मान खाली कोन घालतो? ज्यानं पाप केलं तो! देवीआईनंच घालाया लावलीय. कबूल होल त्या घडीला वर येल!”

विश्रामची बायको जमना आतून जळत होती. नवऱ्याने कबुली दिली की गाव वाळीत टाकणार, पोरांना कुणी होडीवर घेणार नाही.

दादूने विश्रामला देवीपुढे उताणं निजवलं, तोंडावर अंगारा फुंकला आणि कानाशी ओरडला, “बोल, तूच कापलास ना दोर?”

नाकातोंडात अंगारा गेलेला विश्राम कण्हला, “अं...” आणि त्याची मान हळूहळू सरळ होऊन डोकं जमिनीला टेकलं.

“कबूल झाला! आई पावली!” दादू घुमायला लागला. बायकांनी हात जोडले.

“आता उठवा यांना,” जमना पुढे घुसली.

उठवलं. मान पुन्हा छातीवर.

“मनात अजून पाप हाय,” दादू म्हणाला.

“मग आता मी निजवते. मंतर नाय, अंगारा नाय, कबुली बी नाय.”

तिने नवऱ्याला अलगद उताणं निजवलं. थोड्या वेळाने मान सरळ झाली.

“रोज रातच्याला अशीच होते! पालघरच्या डॉक्टरांनी टेबलावर निजवलं तवा बी झाली. हा कंपवात हाय, म्हनले. बसता-उठता मान पुढं वढली जाते, पाठीवर निजलं की सुटते. काय वो भगत, तुमची आई निजलेल्याला माफ करते नि उठलेल्यावर रागावते?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. दादूचं घुमणं जागच्या जागी थांबलं.

“पन मान बरी होल ना?” म्हाताऱ्या काशीबाईने विचारलं.

“गोळ्यांनी हात थोडा थांबेल म्हनले. मानेचं सांगता येत नाय.”

डॉक्टर असं बोलतात. ‘त्या घडीला वर येल’ म्हणतो तो भगत! लोकहो, दुखण्यात पाप शोधू नका. आणि चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, मंत्राशिवाय पुन्हा करून दाखव.

विश्राम बायकोचा हात धरून उठला. हनुवटी छातीवरच होती. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून त्याने होता नव्हता तो जीव आवाजात आणला.

“माजी मान खाली गेली हाय. मी घातलेली नाय.”