चौदा मिलिलीटर

अकरावीच्या वार्षिक प्रॅक्टिकलला सगळ्या वर्गाचं उत्तर दहा मिलिलीटर आलं आणि एकट्या सिद्धीचं चौदा. हेमलता मॅडमनी कपाळाला हात लावला.

सर्जापूर रोडवरच्या त्या शाळेत ऑक्झॅलिक आम्लाचं द्रावण मॅडम स्वतः बनवत. त्यात ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंब थेंब सोडायचा, गुलाबी रंग टिकला की थांबायचं आणि किती सोडा लागला ते लिहायचं. दिसेल तेच लिहा, हे मॅडमचं वर्षभराचं पालुपद. पण ‘दहा येतं’ हे बारावीची मुलं अकरावीला आधीच सांगून ठेवत, ही तिथली रीत. नागपूरहून नव्यानं आलेल्या सिद्धीला ती कोणी सांगितली नव्हती.

पुन्हा पुन्हा करूनही चौदाच येतंय, द्रावणातच काही असेल, असं ती म्हणाली. मॅडमचा जन्म तिथल्याच चामराजपेटातला, कन्नड मुलखातल्या मराठी घरातला. वर्गात मराठी बोलणारी ही एकच पोर, म्हणून त्यांचा तिच्यावर जरा जास्तच हक्क. त्याच हक्कानं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं, “नाचता येईना अंगण वाकडं.” आणि निम्मे मार्क कापले. तेवढ्यानं सिद्धी पुढच्या वर्षीच्या स्पेशल बॅचमधून बाहेर पडणार होती.

मुलं गेल्यावर बाटल्या कपाटात ठेवताना मॅडमचा हात थांबला. ऑक्झॅलिक आम्लाची बाटली नवी होती आणि लेबलवर ‘निर्जल’ लिहिलेलं होतं. नेहमीच्या खड्यांत पाणी धरलेलं असतं, त्यांचा रेणुभार एकशे सव्वीस. निर्जल आम्लाचा नव्वद. मॅडमनी सवयीनं जुन्याच हिशेबानं वजन केलं होतं. एकशे सव्वीस भागिले नव्वद, एक पूर्णांक चार. म्हणजे दहाच्या जागी बरोबर चौदा. अंगण खरंच वाकडं होतं आणि ते सारवलं होतं त्यांनीच. बाकीच्या मुलांनी तर गुलाबी रंगाची वाटही पाहिली नव्हती. मॅडमना स्वतःची लाज वाटली.

त्या तशाच प्रिन्सिपलकडे गेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. सिद्धी बरोबर म्हणजे अख्खा वर्ग खोटा, पालक दारात येतील आणि द्रावण कोणी बनवलं हेच आधी विचारतील, असं ते म्हणाले. तुमचं कॉन्ट्रॅक्ट याच महिन्यात रिन्यू व्हायचंय, याचीही त्यांनी गोड आवाजात आठवण करून दिली. त्यापेक्षा मुलीकडून गुपचूप परत करून घ्या, दहा आलं की पूर्ण मार्क द्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मॅडमच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं ते वेगळंच.

“सरी, सर,” असा त्यांनी कन्नडमधून होकार दिला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ताजं द्रावण केलं, या वेळी वजन नीट पाहून. सिद्धीला बोलावून म्हणाल्या, “काल तुझं स्वल्प चुकलं असेल गं. परत कर, मार्क मिळतील.” हे बोलताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

सिद्धीनं भरलेल्या ब्युरेटकडे पाहिलं. तोटीला हात लावला नाही. पेनाचं टोपण काढलं.

“मॅडम, दहाच लिहायचं ना?”

मॅडमनी मान डोलावली. तिनं दहा लिहिलं आणि त्यांनी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले.