मिठाच्या मुलुखात तिसऱ्यांदा

बाबा गेल्यानंतरचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी आटोपला आणि देवळाच्या पायरीवर बुटाची नाडी बांधता बांधता इसोबेकाकांनी मला काम सांगितलं. त्यांचा आणि बाबांचा पहिला व्हिडिओ गेम, 'मिठाचा मुलूख', पुन्हा बाजारात येणार होता. सोबतच्या पुस्तिकेत कंपनीचा इतिहास आणि बाबांच्या निर्मितीमागचा विचार, अशी चार पानं मी लिहावीत. शुक्रवारी छपाई.

"तू साहित्य शिकवतेस. चार पानं म्हणजे तुला काय," ते म्हणाले.

मी लगेच हो म्हटलं. मी बाबांचा एकही गेम खेळलेली नाही, हे सांगायचं राहून गेलं. बत्तीस वर्षं ते राहूनच जात होतं.

इतिहास सोपा होता. ताकामात्सू शहरात उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानावर दोन खोल्या, चार माणसं. खालून पीठ उडायचं, यंत्रांत जायचं, त्यामुळे पहिला गेम वर्षभर उशिरा आला. पुढे आणखी दहा आले. एकूण अकरांपैकी एक तुफान चालला, दोन बरे चालले, उरलेले बाबांना आवडायचे.

विचार मात्र शोधावा लागला. मी गेमचा नकाशा मागवला. उत्तरेकडे अर्धा नकाशा रिकामा समुद्र, ना बेट ना राक्षस. त्या समुद्रावर मी अडीच पानं लिहिली. रिक्ततेचं सौंदर्य, निर्मात्याचं मौन, शिवाय सोळा तळटिपा. वाचताना माझेच डोळे पाणावले. शोकातही आपण इतकं चांगलं लिहितो, याचं जरा कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवताना काकांनी उदोनच्या वाडग्याशेजारी कागद ठेवून सगळं वाचलं. तळटिपांसकट.

"छान आहे. फक्त तिथे जागा संपली होती."

"कसली जागा?"

"मेमरीची. उत्तरेला अकरा बेटं होती, ती काढावी लागली. तुझा बाप, शिगे, दोन दिवस कुणाशी बोलला नाही."

"म्हणजे मौन होतंच."

"होतं की. आम्ही त्याला फुगणं म्हणायचो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मिनाए, तू गेम खेळलीस ना?"

"थोडासा."

"कुठपर्यंत?"

"नकाशापर्यंत."

ते हसले नाहीत. आपल्या वाडग्यातला चिकुवा, माशाचा तळलेला रोल, उचलून माझ्या वाडग्यात ठेवला. हसले असते तर बरं झालं असतं.

"चल ऑफिसात. आमच्याकडे नव्या माणसाला टेबल मिळण्याआधी गेमच्या पहिल्या गावातल्या चौतीसही जणांशी तीनदा बोलावं लागतं. तुझ्या बापाचाच नियम."

"तीनदा कशाला? ते तेच तेच बोलतात ना?"

"दोनदा."

ऑफिसात तोमोसे नावाच्या चाचणी घेणाऱ्या मुलीने मला चौतीस नावांचा तक्ता दिला, खुणा करायला. संध्याकाळपर्यंत सत्तावीस जण झाले. वीज वाया जाऊ नये म्हणून मी यंत्र नीट बंद केलं आणि घरी गेले. सकाळी सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"धर्मशाळेत झोपला नाहीत?" तोमोसेने विचारलं. "तिथे झोपल्याशिवाय गेम सेव्ह होत नाही."

"पुस्तक मिटलं म्हणून पानं कोरी होत नाहीत."

"खरंय. ते मुकाट पडून राहतं, हाच काय तो त्याचा गुण," ती म्हणाली आणि मला नवा तक्ता दिला.

दुसऱ्या फेरीत मला माझा एक जुना दोष पुन्हा भेटला. कुणी दुसऱ्यांदा तेच बोललं की माझा अंगठा आपोआप बटणावरून सरकतो. हॉस्पिटलमध्ये बाबा विचारायचे, "जेवलीस का?" मी हो म्हणायचे. थोड्या वेळाने पुन्हा, "जेवलीस का?" "आत्ताच सांगितलं ना बाबा," असं म्हणून मी, त्यांनी तिसऱ्यांदा काही बोलायच्या आत, कॉफी आणायला उठायचे. त्या मजल्यावरची कॉफी अगदी वाईट होती आणि मी ती महिनाभर प्यायले.

कोळी तिसऱ्यांदा म्हणाला, "माझा उजवा बूट गळतो." पुजारी म्हणाला, "मंत्र मलाही शेवटपर्यंत पाठ नाही." खेळणाऱ्याच्या काडीच्याही उपयोगाचं नाही. चौतीस जणांची चौतीस बिनकामाची वाक्यं.

"ह्यांच्यासाठीच बेटं गेली," काका मागून म्हणाले. "आम्ही भांडलो. म्हटलं, तिसऱ्यांदा कोण बोलायला जाणार आहे? तर शिगे म्हणाला, एखादं जाईल."

शेवटचं घर मिठागराजवळ होतं. आत अंथरुणावर एक लहान मुलगी. "बाबा मिठागरावर गेलेत," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच. मग म्हणाली, "बाबा आले की मला उठवा. मी झोपेचं सोंग घेतलं असलं तरी उठवा."

सात वर्षांची असताना मी आईला रोज हे सांगायचे. आई ते विसरायची, बाबांपर्यंत ते पोचतच नसे, असं मी आजवर धरून चालले होते.

मी पुन्हा बटण दाबलं. "बाबा मिठागरावर गेलेत." तक्त्यावर शेवटची खूण केली आणि धर्मशाळेत जाऊन झोपले.

शुक्रवारी दिलेला लेख दीड पानांचा होता. रिक्तता गेली, सोळाही तळटिपा गेल्या. पीठ राहिलं, बेटं का काढली ते राहिलं, कोळ्याचा बूट राहिला.

काकांनी उभ्याउभ्या वाचला. "आणि ते मिठागराजवळचं घर?"

"ते नाही लिहिलं."

"का गं?"

"एखादं जाईल," मी म्हटलं.