घासलेल्या बाटल्या

तापी दर पावसाळ्यात सातपुड्याचा किती दगड विरघळवून समुद्रात नेते, हे मोजायचं काम अडुसष्ट साली आमच्या खात्याकडे आलं. दगड विरघळतो हे लोकांना पटत नाही, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. पण पावसाचं पाणी दगडातले क्षार थोडे थोडे काढतं आणि नदी ते वाहून नेते. धुळ्याच्या प्रयोगशाळेत मी तेच तपासायचो. खात्यात हुशार म्हणून माझं नाव होतं, आणि ते मला फार प्यारं होतं.

पाणी भरायला दोंडाईच्यापलीकडच्या एका गावात झुलाल नावाडी नेमला होता. रोज सकाळी नाव मधल्या धारेत न्यायची आणि बाटली भरायची, पुरातसुद्धा. आयुष्यातली त्याची पहिली सरकारी नोकरी. गावातले लोक 'झुलालसाहेब' म्हणून चिडवायचे, आणि हा खुशाल ओ द्यायचा.

त्याला काम शिकवायला मीच गेलो होतो. बाटली आधी नदीच्याच पाण्याने तीनदा विसळायची, दुसरं काही म्हणजे काही लावायचं नाही, हा पहिला नियम. पण माझी शेवटची एसटी सुटत होती. "मधल्या धारेतलं भर, म्हणजे झालं," असं म्हणून मी पळालो.

पुराच्या पाण्यात पाऊस मिसळलेला, त्यामुळे क्षार कमी भरायला हवेत. झुलालच्या बाटल्यांत मात्र भर श्रावणातही जास्तच. मी लगेच ताडलं, की पुराला भिऊन हा गडी विहिरीचं पाणी भरतोय. तसं लेखी कळवूनही टाकलं. साहेबांनी त्याला काढलं आणि माझी पाठ थोपटली.

झुलाल धुळ्याला आला. "साहेब, तापीमायनी आण, बठ्ठं पानी नदीनंच शे," म्हणत तासभर दारात उभा राहिला. मी कागदावरून मान वर केली नाही.

दिवाळीनंतर रिकाम्या बाटल्या परत आणायला मलाच धाडलं. झुलालची बायको झुंबरबाई अंगणात त्याच बाटल्या घासत बसली होती. काडीला चिंधी बांधून, कापसाच्या पऱ्हाट्यांच्या राखेने, अगदी आतून.

"राख लावता?" मी विचारलं.

"रोजच लावू, भाऊ. तापीमायनं पानी मळकी बाटलीमा कसं भरानं?"

राख म्हणजे नुसते क्षार. घासायची, झटकायची, वाळवायची, आणि नवऱ्याच्या हातात द्यायची. महिनोन्‌महिने मी तिची राख मोजत होतो.

झुलाल घरातून बाहेर आला. मी त्याला सांगून टाकलं, "पाणी नदीचंच होतं, झुलाल. क्षार राखेतून आले." एवढं बोललं की सुटलो, असं वाटलं होतं.

त्याचा चेहरा क्षणभर उजळला. मग तो बायकोकडे वळला. "तुन्ही राखनी खादी मन्ही नौकरी!"

तेव्हा बोलायला हवं होतं. नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता, आणि तो सांगायचं काम माझं होतं. शब्द ओठांवर आले होते. पण ते साहेबांच्या कानावर गेले असते, आणि माझं हुशार नाव बुडालं असतं.

झुंबरबाई उठली. राखेचे हात लुगड्याला पुसून माझ्यापुढे वाकली.

"भाऊ, मन्ही चूक व्हयनी. त्यास्ना काही दोष नही. माफ करा."

"असू द्या, वहिनी," मी म्हणालो.