नवल बेडकावर जळला

दिपमालाच्या आबांनी एरंडोलच्या मळ्यात भरीत खायला बोलावलं, तेव्हा धुळ्याचा नवल समजला, आपलं लग्न जमलं म्हणून. नवा शर्ट घालून मोटरसायकलवर आला. बघतो तर काय, दिपमालाच्या शेजारी बेडूक! हिरवा, थुलथुलीत, अन् खुशाल तिच्याच ताटातलं खात बसलेला.

"हे कोण गं?"

"माझ्या गाडीची चावी विहिरीत पडली होती, यानं काढून दिली," दिपमाला म्हणाली. "माझ्या ताटात जेवू घालायचा शब्द दिलाय मी."

"मी शापित राजपुत्र आहे," बेडूक भाकरीचा तुकडा गिळत म्हणाला.

"प्रत्येक बेडूक हेच सांगतो," नवल म्हणाला. कोणी हसलं नाही.

आबा भरताचं पातेलं खरवडत ओरडले, "बठ्ठं खाई गया हाऊ!" सगळं भरीत बेडकानंच फस्त केलं होतं. पण दिपमाला बेडकाच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "हळू खा रे, ठसका लागेल."

इथं नवलच्या पोटात पहिला निखारा पडला. मघाशी मिरचीनं त्याला ठसका लागला होता, डोळ्यांतून पाणी आलं होतं, तरी हिनं साधा तांब्या पुढे केला नव्हता!

जेवण झालं. दिपमाला हात धुवायला गेली, आबा चिंचेखाली आडवे झाले. बेडकानं नवलकडे बघितलं आणि एक डोळा मिटला. एकच.

नवलनं त्याला उचलला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर दाणकन आपटला.

धूर निघाला. धुरातून बाहेर आला उंच, गोरापान राजपुत्र. जरीचा अंगरखा, कानात मोती. हात धुऊन परत येताना सगळं बघितलेल्या दिपमालाचा पदर गळाला. नवलनं कपाळावर हात मारला. स्वतःच्या हातानं सवत घडवली होती त्यानं!

"दिपमाले, चल माझ्या राज्यात," राजपुत्र गुडघ्यावर बसला.



"शब्द जेवणाचा दिला होता, लग्नाचा नाही," दिपमाला म्हणाली.

नवल नाचायच्या बेतात होता, तेवढ्यात ती गर्रकन त्याच्याकडे वळली. "आणि तू? मूठभर जीव तो. का आपटलास?"

नवलच्या जिभेवर दहा थापा तयार होत्या. पण तिचे डोळे बघून एकही बाहेर येईना.

"जळलो गं," तो म्हणाला. "बेडकावर जळलो."

दिपमाला एवढी हसली, की चिंचेखाली आबा जागे झाले.

"मग आता याला मोटरसायकलवर बसव, धुळ्याच्या स्टँडवर नीट सोड. वाटेत आपटला नाहीस, तर रविवारी आबांशी लग्नाचं बोलायला ये."

राजपुत्र मागे बसला, नवलच्या कमरेला मिठी मारून. मोती नवलच्या मानेला टोचत होते.

"काय तिचं बोट होतं, नवलभाऊ!" राजपुत्र सुस्कारला. "पाठीवरून फिरायचं ना..."

धुळं अजून लांब होतं. नवलनं दात आवळले आणि गाडीचा कान पिळला.