राजधानीची सहल

डिसेंबर लागला तसं यशोधरानं सातवीच्या वर्गाबाहेरच्या फळ्यावर लिहिलं, ‘यंदाची सहल – राजधानी’. पुढचं लिहायच्या आत घंटा झाली, ती खडू ठेवून वर्गात गेली, आणि तेवढ्यानं घोटाळा झाला. पोरं घरी गेली ती दिल्लीला जायचं म्हणूनच. कुणी म्हणालं दिल्ली न्हाई, मुंबई. एका घरी तर पेटीतला स्वेटर निघून उन्हात पडला. सन अठ्ठ्याण्णव सालची ही गोष्ट.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळेला गेणू दारात येऊन उभा राहिला. पेठ गावात त्याची चांगली जमीन होती, शिवाय तरकारी न्यायला स्वतःचा टेम्पो होता. त्याची पोरगी स्नेहल सातवीत होती.

“बाई, राजधानी म्हंजे कंची?”

“जुन्नर,” यशोधरा म्हणाली.

“जुन्नरला आमी बाजाराला जातो की. ती राजधानी व्हय?”

यशोधरानं त्याला तिथंच उभ्या उभ्या सांगायला घेतलं. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांचं राज्य होतं, त्यांची गादी काही काळ तिथं होती असं जाणकार म्हणतात. कोकणातल्या बंदरांवरून माल नाणेघाट चढून यायचा तो तिथंच उतरायचा. पुढं निजामशाही सुरू झाली ती जुन्नरात, नगर मागाहून वसलं. जुन्नरच्या भोवती दोनशेच्या वर लेणी आहेत. लोक येतात, शिवनेरी चढतात, लेण्याद्रीच्या गणपतीला नारळ फोडतात आणि गाडीत बसून निघून जातात. मधलं शहर कुणी बघतच नाही. एवढं सगळं ती एका दमात बोलली. गेणूनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि घरी स्वेटर काढून बसलेल्या बायकोला काय सांगू, एवढंच विचारून तो गेला.

यशोधराचा स्वभावच तसा, बुडाखाली निखारा असल्यासारखा. शिकवताना बाकांच्या मधून येरझाऱ्या, चहाचा कप कायम अर्धा राहिलेला. डिंगोऱ्याच्या बौद्धवस्तीतून डी.एड. झालेली ती पहिली मुलगी. तिचा बाप जयवंत रस्त्यावर मैलकुली होता. जन्मभर डांबरी रस्त्याचे खड्डे बुजवले. पण बुद्धपौर्णिमेला पांढरा सदरा घालून तो पोरीला जुन्नरजवळच्या मानमोडीच्या डोंगरात न्यायचा आणि लेण्यासमोर उभं करून म्हणायचा, “ही आपली राजधानी व्हती.” राजा कोण, कुठं राहायचा, हे विचारलं की त्याला सांगता यायचं नाही. पुढं डी.एड.ला पुण्याच्या मुली तिला विचारायच्या, जुन्नर म्हणजे नेमकं कुठं आलं? तेव्हापासून ही गोष्ट तिच्या मनात काट्यासारखी सलत होती. काटा निघत नव्हता आणि दुखायचंही थांबत नव्हतं.

आठवड्यानं मुख्याध्यापक चांगदेव गुरुजींनी तिला ऑफिसात बोलावलं. भला माणूस, पण भांडणाला फार भ्यायचा. सहलीच्या एसटीला पुरेशी पोरं होत नाहीत, तेव्हा महाबळेश्वर धरू या, असं त्यांनी सुचवलं. ती का म्हणून अडून बसली तेव्हा मग खरं ते बाहेर आलं. गावात बोलतात, की बाई पोरांना त्यांच्या लेण्यात नेणार.

“त्यांच्या म्हणजे कुणाच्या?” यशोधरानं विचारलं.

गुरुजींनी टेबलावरची पिन उचलून दुसरीकडं ठेवली.

ती ऑफिसातून निघाली ती मैदानाला तीन फेऱ्या मारूनच वर्गात गेली. राग होताच, पण रागाच्या खाली आणखी एक नको असलेली गोष्ट होती. गावाचं बोलणं अगदीच खोटं होतं का? ती पोरांना इतिहास दाखवायला नेत होती, की बापाचं वाक्य खरं आहे हे चारचौघांत सिद्ध करायला? तिला स्वतःलाच ठरवता येईना.

शेवटी सहल झाली ती स्नेहलच्या हट्टानं. पोरीनं दोन दिवस घरात तोंड फुगवलं, तेव्हा गेणूनंच येऊन सांगितलं, की एसटी राहू द्या, टेम्पो नेतो. बेचाळीसपैकी एकोणीस पोरं आली. ताडपत्री अंथरून सगळी मागं बसली, यशोधरा त्यांच्यातच. गेणू येणार होता तो गाडी चालवायला आणि बाई काय शिकवते त्यावर लक्ष ठेवायला, हे तिला कळत होतं आणि त्यालाही कळत होतं, की तिला कळलंय.

नारायणगावावरून जुन्नरात पोचले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. तिनं टेम्पो कल्याण पेठेत उभा करवला. जुन्नरात कल्याणचं नाव कशाला, म्हणून पोरांना विचारलं. कुणाला सांगता येईना. मग तिनं सांगितलं, की घाट उतरून वाट जिथं जाते तिथलं नाव असेल हे. रोज तोंडात असतं पण कुणी ऐकत नाही. जिथं हातकागद करणारे कागदी राहत ती आळी तिनं लांबूनच दाखवली. पोरांना भूक लागली होती. ती मात्र पुढं पुढं चालत होती, आणि पोरं पळत पळत तिला गाठत होती.

मानमोडी चढून भूतलिंगाच्या लेण्यापाशी आले तेव्हा तिनं सगळ्यांना कुजबुजत बोलायला लावलं, कारण वर कड्याला आग्यामोहळाची पोळी लोंबत होती. समोर दगडात कोरलेली मोठी कमान, तिच्यात कमळावर उभी लक्ष्मी, दोन्ही अंगाला हात जोडलेली माणसं. लक्ष्मी बघून गेणूच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. यशोधरानं कमानीच्या वरची अक्षरांची ओळ दाखवली. ही ब्राह्मी लिपी, म्हणाली. ही लेणी राजांनी एकट्यानं कोरवली नाहीत, शहरातल्या साध्या माणसांनी दान देऊन कोरवली, आणि देणाऱ्यांची नावं इथं आहेत. आपल्या माणसांची.

“बाई, वाचून दाखवा की,” स्नेहल म्हणाली.

यशोधरानं वर पाहिलं. लहानपणापासून पन्नासदा पाहिलेली ओळ. एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. तिनं जे सांगितलं ते सगळं एका व्याख्यानात ऐकलेलं, वहीत उतरवलेलं होतं. एकोणीस तोंडं वर झालेली, आणि मागं गेणू हाताची घडी घालून उभा.

“मला वाचता येत नाही,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. स्नेहलनं फक्त विचारलं, “मग आपल्या माणसांची कशावरून?”

ती म्हणाली, बघून सांगते. पण तिथून पुढं तिचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही.

दुपारी टेम्पो घाटघरवरून नाणेघाटात गेला. तिथल्या गुहेत सातवाहनांच्या राणीचा मोठा लेख आहे. तिनं त्याविषयी चार वाक्यं सांगितली आणि थांबली. पोरांना वारा आवडला, माकडं आवडली. पण गेणू खिंडीच्या तोंडाशी असलेल्या भल्या मोठ्या दगडी रांजणाला हात लावून उभा राहिला तो हलेचना. इथं जकात टाकायचे असं सांगतात, असं यशोधरानं म्हटलं तर त्यानं ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मग तो दगडी पायऱ्यांवरून आठ-दहा पायऱ्या खाली उतरला आणि बसला.

“माजी आजी घाटघरची,” तो स्नेहलला सांगू लागला. “डोक्यावर तांदळाचं गठुडं घिऊन ह्याच वाटंनं खाली वैशाखऱ्याला उतरायची. येताना मीठ आन सुकट. पोटुशी असताना बी केल्यात म्हनं खेपा. म्या कधी आलोच न्हाई बग हितवर.” पायरीच्या मध्यभागी पावलांनी झिजून खळगा पडला होता, त्यात त्यानं तळहात ठेवला. पोरं त्याच्या भोवती गोळा झाली. दिवसभरात कुणाचं बोलणं त्यांनी मन लावून ऐकलं असेल तर ते गेणूचं. यशोधरा वरच्या पायरीवर उभी राहून बघत होती. तिला बरं वाटलं, आणि त्याच दमात हेवाही वाटला. त्याच्याजवळ आजी होती. आपल्याजवळ काय होतं? वाचता न येणारी ओळ.

पुढच्या वर्षी सहल महाबळेश्वरला गेली. यशोधराची बदली शिनोलीला झाली, आणि जाताना तिच्या सामानात एक नवी वही होती. ब्राह्मीच्या अक्षरांचा तक्ता तिनं पुण्याच्या एका ग्रंथालयात बसून उतरवून घेतला होता. शाळा सुटली की रिकाम्या वर्गात फळ्यावर ती ‘क’ काढायची, नुसती अधिकची खूण; ‘ग’ काढायची, मराठीतल्या आठासारखा. महिना झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्या डोंगरातल्या अक्षरांना वळणं निराळी, वर पाणी झिरपून डाग पडलेले. तक्त्यातली अक्षरं आणि कड्यावरची अक्षरं जुळता जुळत नव्हती. दोनदा तिनं वही कपाटात टाकून दिली. दोन्ही वेळा चार दिवसांत पुन्हा काढली.

दोन हजार तीनच्या फेब्रुवारीत ती जयवंतला घेऊन मानमोडीला गेली. तो आता थकला होता. निम्म्या चढावर दोनदा बसला. तिनं एका मास्तरांची दुर्बीण मागून आणली होती. ह्याआधीचे तीन रविवार तिनं त्या एकाच ओळीपुढं मान वर करून काढले होते, आणि वहीत अक्षरं उतरवून घेतली होती. त्या दिवशी शेवटची दोन लागली. तिनं वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “यवनस चंदानं देयधम गभदार.”

“म्हंजे काय?” जयवंतनं विचारलं. “आपल्यातला कुनी हाय का?”

तिनं वही मिटली. इतकी वर्षं मनात धरलेलं वाक्य असं एका ओळीनं काढून घ्यावं, आणि तेही बापासमोर.

“नाही आबा. यवन. समुद्रापलीकडच्या लोकांतला. चंद नाव. लेण्याचं दार-कमान त्यानं दान दिलीय.”

जयवंत पायरीवर बसून राहिला. लक्ष्मीकडं पाहिलं, हात जोडलेल्या माणसांकडं पाहिलं. यशोधराला वाटलं, ह्याला वाईट वाटलं असणार. पण तो म्हणाला, “लई लांबून आला म्हनायचा. त्याला यावंसं वाटलं, आन आल्यावर काईतरी बांधावंसं वाटलं. मग गाव मोटंच असनार की.”

पुढच्याच शनिवारी ती पेठला गेली. स्नेहल आता अकरावीत होती, मंचरला जायची. तिला ती सहल आठवत होती, प्रश्न मात्र आठवत नव्हता. तरी यशोधरानं वही उघडून तिला सगळं सांगितलं, न सांगता सुटका नव्हती म्हणून सांगितलं. गेणू ओट्यावर कांद्याची रोपं जुड्या करत होता. त्यानं मध्ये एकदाच विचारलं.

“म्हंजे बाई, लेणी तुमची बी न्हाईत?”

“माझीही आहेत. तुमचीही. आणि त्या चंदाची तर आहेतच,” यशोधरा म्हणाली. चार वर्षांपूर्वी कुणी असं म्हटलं असतं तर ती भांडली असती.

“ठमा,” गेणूनं आत बायकोला हाक मारली, “डोंबिवलीचं पावणं येनार हायेत न्हवं आयतवारी? त्यान्ला लेण्याद्रीला न्यायच्या ऐवजी मानमोडीला नेऊ. बाई वाचून दावतील.”

त्या रविवारी टेम्पोतून अकरा माणसं मानमोडीला आली. यशोधरानं ओळ वाचून दाखवली, अर्थ सांगितला, कुणी विचारलं तर पुन्हा सांगितला. पाव्हण्यांतल्या एका बाईनं यवन चंदाला मुलंबाळं होती का, म्हणून विचारलं, आणि त्यावर ठमाबाईनं, एवढा खर्च केला म्हणजे बायकोचा होकार असणारच, असं सांगून टाकलं. मग सावलीत भाकरी-पिठलं सोडलं गेलं. बाईंना हाका आल्या.

ती बाजूच्या लेण्यात होती. तिथं एक लेख आहे, अर्धा झिजलेला. पहिली चार अक्षरं लागत होती आणि पाचव्यापाशी अडत होतं. ‘म’ होता की ‘व’? तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली, दगडाला तिरपं ऊन येईपर्यंत थांबायचं ठरवलं. ठमाबाई भाकरी घेऊन तिथंच आली, तरी यशोधरा एका हातानं घास घेत होती आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं हवेत अक्षर गिरवत होती.