मागच्या खोलीतला बंब

धुळ्याला चौथ्या गल्लीत झुलाल नानांच्या घरामागच्या दोन खोल्या आठ महिने रिकाम्या पडल्या होत्या, आणि त्यात खोल्यांचा काडीचा दोष नव्हता. उजेड होता, वारा होता, आड हाताशी होता. दोष होता नानांच्या सामानाचा. घरात जे जुनं झालं, कुरकुरायला लागलं, ते नाना मोडीत घालायचे नाहीत. उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवायचे आणि म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. भाडेकरूले कामे येई."

अशा तीन वस्तू तिथे ठाण मांडून बसल्या होत्या. एक भिंतीवरचं घड्याळ. ते अकराला तीन टोले द्यायचं आणि तीनला गप्प बसायचं. दुसरा स्टोव्ह. तो पेटवायचा म्हणजे आधी उंबऱ्यात पाण्याची बादली भरून ठेवावी लागे. आणि तिसरा, या सगळ्यांचा बाप, नानांच्या लग्नातला तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. यात बिघडण्यासारखं काय असतं म्हणा! पण म्हातारपणी त्याला सात ठिकाणी शिशाचा डाख दिलेला, अंगभर पोचे आलेले, एक पाय आखूड, आणि धूर वर जायचा सोडून समोर बसलेल्याच्या तोंडावर यायचा. नानांच्या स्वतःच्या न्हाणीत जावयाने आणून दिलेला नवाकोरा बंब होता. जुना आला भाडेकरूंच्या नशिबी.

पहिला भाडेकरू कोर्टातला कारकून. त्याने एका सकाळी बंबात फुंकर घातली, बंबाने उलट फुंकर घातली, आणि तो गृहस्थ अर्धी मिशी घेऊन कचेरीत गेला. दुसरा रेल्वेतला मालबाबू. स्टोव्हचा भडका आढ्याला लागलेला पाहिला तसा तो जेवायलासुद्धा थांबला नाही. नानांना दोघांचाही राग आला. "तेस्ले वापरता येत नही," एवढंच ते म्हणाले.

या सगळ्यात जळत होती ती भिकुबाई, नानांची बायको. तिला भाड्याचं सोयरसुतक नव्हतं. तिला बोलायला माणूस हवं होतं हो! लेक दोंडाईचाला दिली तेव्हापासून घर खायला उठायचं. आणि नाना म्हणजे काय विचारता! उभा जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये तोलार म्हणून गेलेला. शब्दसुद्धा तोलूनच द्यायचे, आणि तेही माप मारून. भाजी कशी झाली? हूं. लेकीचं पत्र आलं? हूं. एकदा तर तिने चिडून विचारलं, "मी मरी गऊ तं काय म्हनशात?" नानांनी विचार केला आणि म्हणाले, हूं.

आणि मग एका सोमवारी दुपारी सुगंधाबाई आली.

नव्याने बदलून आलेल्या छगन मास्तरांची बायको. फैजपूरकडची, वय पंचविशीचं, आणि जीभ देवाने अशी दिली होती की उंबरा ओलांडेपर्यंत तिचं माहेर, सासर, मास्तरांची पित्तप्रकृती आणि फैजपुरात केळीचा घड कसा उतरवतात हे सगळं सांगून झालं होतं. भिकुबाईला वाटलं, देवच पावला. तिने गूळ दिला, पाणी दिलं, पुन्हा गूळ दिला. आडाशी दोघी अर्धा तास बोलल्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या आणि दोघींनाही सगळं ऐकू येत होतं.

मग सुगंधाबाई खोल्या बघायला आत गेली. घड्याळाकडे बघून हसली. स्टोव्हकडे बघितलंच नाही. बंबापाशी मात्र थबकली. पदर नाकाशी धरून तिने त्याच्याभोवती एक फेरी मारली, बोटाने वाजवून पाहिला आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "अगं बाई! काय हा काळाठिक्कर मेला! वैऱ्याच्याही घरी नको असला बंब."

भिकुबाईने हातातली गुळाची वाटी खाली ठेवली.

"मास्तरांना विचारते, गुरुवारी दोघं येऊन काय ते सांगतो," असं म्हणून सुगंधाबाई गेली. जाताना तिने पुन्हा एकदा वळून त्या बंबाकडे पाहिलं. झालं! भिकुबाईने ओळखलं. तिसरा भाडेकरूही या तांब्याच्या राक्षसाने खाल्ला.

नाना जेवायला बसले तशी तिने तोंड सोडलं. "तो बंब काढा. आजच्या आज मोडमा घाला."

"कसाले?"

"ती मास्तरीण नाव ठेयी गयी म्हनून!"

नानांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला, आणि मग निकाल दिला. "बिघडना तं मोडमा. चालू शे तोवर जागावर."

हा त्यांचा कायदा होता. चालतं ते टाकायचं नाही, आणि बिघडलं तर क्षणभर ठेवायचं नाही. त्या कायद्यापुढे बायकोचं रडणं चालत नव्हतं आणि जावयाचा शब्दही चालत नव्हता. जुनं ते सोनं म्हणतात खरं. पण सोनं निदान धूर तरी सोडत नाही, असं भिकुबाई पुटपुटली. नाना म्हणाले, हूं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. भिकुबाईच्या डोक्यात तेवढं एकच वाक्य घोळत राहिलं, बिघडना तं मोडमा. गुरुवारी सकाळी नाना डोक्याला रुमाल गुंडाळून बाहेर पडले. कुठे निघालात, तर हूं. ही उठली, पदर खोचला, आणि एका टोपलीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि दोन गोवऱ्या घेऊन मागच्या खोलीत गेली.

बंब म्हणजे आधी पाणी, मग विस्तव. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि चौथ्या गल्लीत तर ते नानांनी प्रत्येकाला स्वतः सांगितलेलं. मुका माणूस, पण बंबाची गोष्ट निघाली की त्याला वाचा फुटायची. "आधी पानी, मंग इस्तो. बत्तीस वरीस व्हयनात, एक दिन चूक नही!" हे म्हणताना त्यांची मान अशी ताठ व्हायची की कुणाला वाटावं, लढाई जिंकून आलाय गडी.

भिकुबाईने बंबात थेंबभरही पाणी ओतलं नाही. नळीत पऱ्हाट्या कोंबल्या आणि काडी लावली.

पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग तांबं कडकड बोलायला लागलं. मग बुडाचा डाख वितळला आणि टप्‌कन खाली पडला. मग दुसरा. मग तिसरा. भिकुबाई भिंतीला टेकून बघत राहिली. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. नवी नवरी होती तेव्हा सासूबाईंनी याच बंबाचं पाणी काढून तिला न्हाऊ घातलं होतं, ते नको त्या वेळी आठवलं. "मर मेल्या," ती बंबाला म्हणाली, पण तिचा आवाज रडका निघाला. चिमट्याने तिने विस्तव बाहेर ओढला, राख भरली, हात धुतले आणि ओसरीवर येऊन बसली.

अर्ध्या तासाने छगन मास्तर आणि सुगंधाबाई आले. मास्तर वाळकुंडे, काखेत छत्री, बोलण्यात प्रत्येक वाक्याला "तर मुद्दा असा".

"या, या!" भिकुबाई उठलीच. "काळजी करू नका बरं. तो बंब गेला! फुटला. मोडीत जाईल. खोली मोकळी करून देते तुम्हाला."

सुगंधाबाईचा चेहरा असा पडला की काय सांगावं. "गेला?" ती म्हणाली. "म्हणजे कायमचा?"

"तर मुद्दा असा," मास्तर खाकरले, "की आम्ही होकार द्यायला आलो होतो, तो त्या बंबासाठीच."

हकीकत अशी होती. मास्तरांची आई, तानुबाई, फैजपूरला एकटी पडलेली. सांधे धरलेले. वैद्याने दोन्ही वेळा निर्गुडीच्या कढत पाण्याने शेकायला सांगितलेलं. सध्याच्या बिऱ्हाडात चुलीवर हंडाभर पाणी तापेपर्यंत मास्तरांची शाळा भरायची, म्हणून म्हातारीला आणता येत नव्हतं. मोठा बंब असलेली जागा सुगंधाबाई महिनाभर शोधत होती.

"अगं पण तूच तर म्हणालीस!" भिकुबाईला भान राहिलं नाही. "वैऱ्याच्या घरी नको म्हणालीस!"

"अहो अक्का," सुगंधाबाई रडवेली होऊन म्हणाली, "इतका आवडला म्हणून तर नाव ठेवलं! मनात भरलेल्या वस्तूला तोंडावर चांगलं म्हणतं का कोणी? दृष्ट नाही का लागायची? आणि बघा, एवढं जपूनसुद्धा लागलीच!"

भिकुबाई मटकन खाली बसली. हे तिला कळू नये? तिला? दोंडाईचाला लेकीच्या गोऱ्यापान, गुबगुबीत बाळाला चारचौघांत "मेलं वाळकं माकड" म्हणणारी ही बाई! बारशाला आलेल्या सगळ्या बायकांना त्याचा अर्थ कळला होता. पण तो बंब कुणाला आवडू शकेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं, म्हणून घोटाळा झाला.

तेवढ्यात दारात नाना. आणि त्यांच्यामागे भाता नि हत्यारांची पिशवी घेतलेला नूर महंमद कल्हईवाला.

"नाना सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बसले," नूर महंमद हसत सांगू लागला. "म्हणे, मास्तरीणबाईंनी नाव ठेवलं, बंबाचा धूर बंद करून दे, पाय नीट कर, चकचकीत कर. अक्काला हा भाडेकरू पाहिजे, म्हणे."

भिकुबाईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सगळे मागच्या खोलीत गेले. नूर महंमद उकिडवा बसला, बंब आडवा केला, जमिनीवरचा शिशाचा एक थेंब उचलून उजेडात धरला.

"नाना," तो हळूच म्हणाला, "हा कोरडा पेटवला कोणीतरी."

नानांनी बंबाकडे पाहिलं. उरलेल्या राखेकडे पाहिलं. मग भिकुबाईच्या पदराकडे पाहिलं. त्याच्या काठाला पऱ्हाटीची एक काडी अजून अडकलेली होती. भिकुबाई तोंड उघडणार, इतक्यात नाना म्हणाले, "मीच. सकाळमा पेटाडा. पानी भरानं भुली गऊ."

नूर महंमद आ वासून बघत राहिला. बत्तीस वर्षांत जो माणूस चुकला नाही, गल्लीला ज्याने या एका गोष्टीवरून वात आणला, तो परक्यांसमोर मान खाली घालून हे सांगत होता. भिकुबाईच्या काळजाला घरं पडली.

"खोटं!" ती ओरडली. "साफ खोटं! मी पेटवला. जाणूनबुजून पेटवला."

"मी पेटाडा," नाना म्हणाले.

"मी म्हणतेय ना!"

"तू गप्प ऱ्हाय. बंब मना शे."

"मग काडी माझी होती!"

मास्तरांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली. "तर मुद्दा असा..." ते म्हणाले, पण पुढचा मुद्दा त्यांना सुचला नाही. सुगंधाबाईला मात्र हसू आवरेना. ती आधी पदरात हसली, मग नूर महंमद हसला, मग सगळेच.

"आमचा नवा बंब घेऊन जा," भिकुबाई डोळे पुसत सुगंधाबाईला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. आणि सासूबाईंना शनिवारी आणायचंच."

"आणि तुम्हाला?"

नूर महंमदने जुन्या बंबाच्या पोटावर वाजवून सांगितलं, की नवा डाख दिला तर म्हातारा अजून पाच-दहा वर्षं मरत नाही. धुराचं मात्र अल्लाच्या हातात. हे ऐकून नाना आपला कायदा विसरले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की लेकीच्या लग्नातही उजळला नसेल. नवा बंब मागच्या खोलीत गेला, जुना वाजतगाजत पुढच्या न्हाणीत आला. घड्याळ आणि स्टोव्ह मास्तरांनी नम्रपणे परत केले. तेही पुढे आले. भाडेकरूला सगळं नवं आणि मालकाला सगळं जुनं, असं धुळ्यातलं हे एकच घर असावं.

शनिवारी तानुबाई आली. सांधे धरलेले होते, पण जिभेला सांधा नव्हता. सुनेपेक्षा सासू सवाई निघाली. पहाटे शेकून झालं की हाका सुरू व्हायच्या, आणि भिकुबाई हातातलं टाकून पळायची.

आठवड्याने एका सकाळी ती न्हाणीत बंबापुढे बसून फुंकत होती. धुराने डोळे लाल झालेले. नाना पाण्याची कळशी घेऊन आले, बंबात ओतली आणि तिथेच उभे राहिले.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही स्वतःवर का घेतलं? अख्ख्या गल्लीत नाव गेलं तुमचं."

नानांनी रिकामी कळशी उचलली. आता हूं म्हणून जाणार, असं तिला वाटलं.

"तुले बोलाले कोनी तरी पाहिजे व्हतं," ते म्हणाले. "मले तं बोलता येत नही."

मागच्या खोलीतून तानुबाईची हाक आली, "अहो भिकुबाई! या की लवकर, काल रात्रीचं राहिलंय सांगायचं!"

"आले हो, आले!" भिकुबाईने ओरडून उत्तर दिलं, आणि नानांसाठी पाट सरकवून ती तिथेच बसून राहिली.