मोजणी कुठे चुकली

तिचे वडील ड्रम शिकवायचे. प्रोग्रेसिव्ह रॉकची, सतत ताल बदलणाऱ्या त्या संगीताची, नवी रेकॉर्ड घरी आली की पेन्सिलीने टेबलावर मात्रा मोजत ऐकायचे. जिथे मोजणी चुके, ते मिनिट चिठ्ठीवर लिहून ती कव्हरात सरकवायचे. "मला चुकवलं म्हणजे काहीतरी नवं केलं," ही त्यांची परीक्षा. जुन्या रेकॉर्डींच्या चिठ्ठ्या आकड्यांनी गजबजलेल्या. गेल्या चार वर्षांतल्यांवर मात्र नुसती तारीख, बाकी कोऱ्या.

"आजकालची पोरं जुनंच घासूनपुसून पुढे करतात," ते म्हणायचे. शेवटच्या वाढदिवसाला लेकीने एका नव्या बँडची रेकॉर्ड दिली, तेव्हाही तेच. ती फाडकन बोलून गेली, "बाबा, तुम्हीच ऐकायचं सोडलंय." दीड महिन्यात ते गेले.

आज त्यांचे मित्र, रेकॉर्डवाले काका, संग्रह खोक्यांत भरायला आले होते. तिने आधी ती रेकॉर्ड शोधली. कव्हर उघडलेलं, आत चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. खाली काही नाही.

"ऐकली, आणि नापास केली," ती म्हणाली.

काकांनी चिकटपट्टी खाली ठेवली. "नापास कसली! अगं, तुझ्या बापाचा उजवा कान चार वर्षांपूर्वीच गेला होता. डावाही अर्धामुर्धा. मला म्हणायचा, मोजणी चुकते रे, पण गाण्यामुळे की कानामुळे, कळत नाही. मग लिहू काय?"

"मला नाही सांगितलं ते."

"तुला? तो आरशाला सांगायचा नाही. त्यापेक्षा पोरांना नावं ठेवणं सोपं."

तिला हसू आलं. तिने रेकॉर्ड लावली. गुडघ्यावर बोटाने मोजू लागली. सात, सात, मग पाच, पुन्हा सात. चौथ्या मिनिटाला गिटार मागेच रेंगाळली, ड्रम पुढे निघून गेले, आणि तिचं बोट हवेतच राहिलं.

"चुकलीस!" काका खूश झाले. "लिही, लिही. म्हणजे पोरांत दम आहे."

तिने पेन्सिल उचलली, पण टेकवली नाही. डावा कान स्पीकरकडे वळवून बसलेले बाबा, बोट थांबलं त्याच क्षणी, तिच्या डोळ्यांसमोर आले होते.

"काका, माझं लक्ष उडालं होतं," ती म्हणाली. "त्या पोरांना फुकटचे मार्क नकोत. सुई परत सुरुवातीला ठेवा."